काउंटेसबाई कुणाला अडवत नाहीत

रविवार, ५ जानेवारी. सकाळी, चहा झाल्यावर.

आजपासून रोजनिशी. बटण दाबून बोलायचं, फोन लिहून घेतो. नातीने शिकवलं. मला अक्षरओळख नाही, म्हणजे इथे काय लिहिलंय ते मलाही वाचता येणार नाही. इतकी गुप्त रोजनिशी कुणाची नसेल.

नातीला मी भिंगरी म्हणते. एका जागी ठरत नाही म्हणून. आता तर घरच सोडून निघाली आहे. नाटकांच्या स्टेजवर दिवे लावणारी एक कंपनी आहे, दूरच्या शहरात. तिथे नोकरी लागली. सत्तावीस तारखेला हजर व्हायचंय. दिवे काय इथे लागत नाहीत? पण मी एक शब्द बोलले नाही. मी कुणाला अडवत नाही.

जाण्याआधी तिला घरच्यांबरोबर एक खेळ पुरा करायचाय. भुताखेतांचा. पट नाही, सोंगट्या नाहीत. टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीत शिरायचं आणि ‘मी दार उघडते’, ‘मी पळते’ असं म्हणायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. गोष्ट सांगायला औषधाच्या दुकानातला तिचा मित्र येणार होता, पण त्याला रविवारची ड्यूटी लागली. मी म्हटलं, मी सांगते. सगळे हसले. हसण्यासारखं काय होतं ते अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी.

औषधवाला ड्यूटी संपवून खेळाचं पुस्तक घेऊन आला. म्हटलं, पुस्तक तुझ्याकडेच राहू दे, तोंडाने सांग. दोन कप चहात सगळं सांगून झालं. एकदा ऐकलं की मला पुरतं. विसरण्याची चैन लिहिता येणाऱ्यांना परवडते.

गोष्ट अशी. धुक्यात बग्गीचं चाक मोडतं. तीन पाहुण्या काळ्या दगडाच्या हवेलीत आसरा घेतात. मालकीण काउंटेसबाई. माणसांचं रक्त पिते. आरशात दिसत नाही, म्हणून घरात आरसा ठेवत नाही. हवेलीला नऊ खोल्या. तळघरात तिची शवपेटी, पेटीत किल्ली. किल्ली घेऊन मोठ्या दारातून बाहेर पडलं की खेळ संपला. तीन रविवार पुरे होतात म्हणाला.

संकल्प : तीन रविवारांत संपवायचं. चौथा नाही.

शनिवार, ११ जानेवारी.

तयारी. केकचा खोका कापून पडदा केला. गोष्ट सांगणारीचा फासा बाकीच्यांनी बघायचा नसतो, तसा नियमच आहे. काउंटेसबाईच्या वतीने फासा मी टाकायचा. मोठा आकडा आला तर तिची सरशी, लहान आला तर पाहुण्यांची. फाशाला वीस तोंडं. माझ्या डोळ्यांसाठी भिंगरीने लिंबाएवढा आणलाय. आकडे मला येतात. जन्मभर कपडे शिवले, टेप न वाचता कुणाचा गळा बेतणार?

बसायची जागाही ठरवली. काचेच्या कपाटाला पाठ लावून. उजव्या हाताला स्टूल, स्टुलावर ताट, ताटात फासा. पुढून पडदा, मागून कपाट. कुणी डोकावायचं नाव नको. युक्ती माझीच. कपाटाची काच पावडर लावून लख्ख पुसली. चार माणसं येणार, बरं दिसतं.

रविवार, १२ जानेवारी.

पहिली बैठक. दणक्यात.

भिंगरी भूतशिकारी झाली. सून लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त तपासते, ती गोष्टीत डॉक्टर झाली. म्हटलं, सुट्टीच्या दिवशीही तेच? म्हणाली, आई, सवयीचं बरं असतं. विहीणबाई, म्हणजे सुनेची आई, समोरच्या गल्लीतून चालत आल्या. त्या झाल्या मेलेल्यांशी बोलणारी बाई. जिवंत माणसाला तर त्या बोलू देत नाहीत, मेलेल्यांचं नशीब उघडलं. मुलगा बोटीवर नोकरीला, म्हणून वाचला.

पुस्तकातली काउंटेसबाई नुसती फिकट आणि लांब दातांची. मी तिच्यात जीव घातला. मनात विहीणबाईंना धरलं, पण हे कुणाला सांगायचं नाही. काउंटेसबाई गोड बोलते. ‘घाई काय आहे, बसा’ म्हणते. पाहुण्याने चपलेत पाय घातला की तिच्या छातीत धडधडतं, मग ती खुर्चीत बसते आणि पाणी मागते. ती कुणाला अडवत नाही. फक्त तिच्याकडून कुणी जात नाही.

विहीणबाई म्हणाल्या, ही बाई कुठेतरी बघितल्यासारखी वाटते हो. मी पडद्याआड हसू दाबलं. माणसाला स्वतःची ओळख पटणं किती कठीण.

पाहुण्या भलत्याच चलाख निघाल्या. पहिल्याच दिवशी तळघराच्या जिन्यापाशी. काउंटेसबाईने त्यांना गाठलं का? फासा टाकला. तीन. मी सतरा म्हटलं. जिना निसटला, पाहुण्या परत दिवाणखान्यात. खोलीत उजेड कमी होता, वाचण्यात चूक होते.

तिघी माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिल्या. माझ्या सांगण्यात जोर आहे, याची खात्री पटली.

सोमवार, १३ जानेवारी.

सकाळपासून लाजल्यासारखं होतंय. कशाबद्दल ते सापडत नाही. पित्त असेल. बडीशेप खाल्ली.

रविवार, १९ जानेवारी.

दुसरी बैठक. हवेलीत थोड्या खोल्या वाढवल्या. पुस्तक लिहिणारा पुरुष असणार. एवढ्या मोठ्या घरात चादरी ठेवायला खोली नाही? म्हणून चादरींची खोली केली. तिथे एक मेलेली मोलकरीण रात्रंदिवस चादरींच्या घड्या घालते, आणि प्रत्येक चादरीवर झोपणाऱ्याचा चेहरा उमटलेला असतो. विहीणबाईंनी पाय खुर्चीवर घेतले. मग बरण्यांची खोली. मग बाहेरगावी गेलेल्या मुलांचे छोटे छोटे बूट ठेवायची खोली. तिथे पोचताच सून उठून चहा ठेवायला गेली.

विहीणबाई सारख्या विचारतात, इथे एखादा आरसा मिळेल का? मी सांगितलं, या घरात आरसा नाही म्हणजे नाही. त्या म्हणाल्या, बरं, तुम्ही म्हणाल तसं.

फासा : पाच, दोन, नऊ. सांगितले : अठरा, सोळा, एकोणीस. पण हे काउंटेसबाईच्या भल्यासाठी. माझा काय फायदा?

रविवार, २६ जानेवारी.

तिसरा रविवार. खेळ संपायचा होता. संपला नाही. माझा इलाज नाही. पाहुण्या किल्लीपर्यंत पोचल्या, आणि नेमका त्याच वेळी तळघराखाली आणखी एक तळघर निघालं. जुन्या इमारतींत असतं तसं.

सकाळी भिंगरीने माळ्यावरून मोठी बॅग काढली. बॅग खाली आली आणि माझ्या छातीत धडधडायला लागलं. खुर्चीत बसले. पाणी मागितलं. सुनेने नाडी बघितली, नव्वद पण नाही म्हणाली. हिच्या लॅबचं सगळं कोरडं असतं.

संध्याकाळी भिंगरीने कंपनीत फोन करून दहा फेब्रुवारीपर्यंत मुदत मागितली. मिळाली. खेळ अर्धवट सोडून जाणार नाही म्हणाली. मी म्हटलं, जा ना, खेळाचं काय एवढं. माझ्या आवाजात पाहिजे तेवढा जोर नव्हता. दातांची कवळी सैल झाली आहे.

संकल्प : पुढच्या रविवारी नक्की.

रविवार, २ फेब्रुवारी.

नक्की नाही जमलं. काउंटेसबाई आजारी पडली. डॉक्टरीणबाईंना म्हणजे सुनेला तिला टाकून जाता येईना. तास गेला. सून म्हणाली, हिला काहीही झालेलं नाही. मी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, आई, अशा पेशंट मी रोज बघते.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी.

हे कशाला सांगायचं, पण रोजनिशी ही रोजनिशी.

भिंगरी आंघोळीला गेली होती. तिचा फोन टेबलावर वाजला. हिरवं बटण मला कळतं. दिव्यांच्या कंपनीतला माणूस. आवाज सभ्य. म्हणाला, दहा तारखेला येणं पक्कं ना, तेवढं विचारायचं होतं. मी आजी बोलते म्हटलं. आणि म्हटलं, तिचा निर्णय अजून झालेला नाही. तो म्हणाला, अच्छा, मग आम्हाला दुसरं कुणी बघावं लागेल. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या सोयीने बघा.

एवढंच. खोटं काय बोलले? निर्णय होत असतो, बदलत असतो. फोन होता तिथे ठेवला. आंघोळ करून ती केस पुसत बाहेर आली, कुणाचा फोन होता का म्हणाली. मी म्हटलं, चुकीचा नंबर.

पित्त फार वाढलंय. बडीशेपेने भागत नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी.

कपाटाची काच पुसली. दोनदा.

रविवार, ९ फेब्रुवारी.

भिंगरी आज फारशी बोलली नाही. सर्दी असेल. तिच्या भूतशिकारीनेही काही केलं नाही, खिडकीपाशी उभी राहिली आणि बाहेर धुकं बघत बसली. मी म्हटलं, काउंटेसबाई तुला गरम सूप आणून देते. ती म्हणाली, ठेव तिथे.

विहीणबाईंनीही आज मेलेल्यांना बोलावलं नाही. सून चहात साखर घालायला विसरली. गोष्टीत मात्र मी कमी पडले नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी.

काल दहा तारीख होती. भिंगरी गेली नाही. बॅग भिंतीला टेकून उभी आहे. मी काही विचारलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. ती दिवसभर गॅलरीत फोनवर बोलत असते, दार लावून.

जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. जेवण गेलं नाही.

संकल्प : त्या फोनबद्दल तिला सांगून टाकायचं. उद्या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी.

उद्या.

रविवार, १६ फेब्रुवारी. संध्याकाळी.

बोलायचं अवसान नाही, पण सांगते.

आज तिघींनी ठरवून खेळ केला. इकडेतिकडे बघितलं नाही, बरण्या उघडल्या नाहीत, सूपही प्यायल्या नाहीत. सरळ तळघर, त्याखालचं तळघर, शवपेटी. किल्ली हातात. जिना चढून मोठ्या दारापाशी. मी काउंटेसबाईला दारात आणून उभी केली. तिच्या तोंडी घातलं, बाहेर थंडी आहे, धुकं आहे, चाक अजून मोडलेलं आहे, आजच्या दिवस राहा. एक दिवसाने काय बिघडतं?

भिंगरी म्हणाली, मी किल्ली लावते.

म्हणजे आता फासा. मोठा आकडा आला तर काउंटेसबाई दार धरणार. टाकला. ताटात गरगर फिरला आणि थांबला. एक. याहून लहान आकडा त्या फाशावर नाही.

मी म्हटलं, एकोणीस.

तिघी माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या, नेहमीसारख्या. मग सून म्हणाली, अगदी हळू, लॅबमध्ये वाईट रिपोर्ट सांगताना बोलत असेल तशी :

“आई, तुमच्या मागे काच आहे.”

मी वळून बघितलं. कपाटाच्या काचेत माझी पाठ होती, पाठीशेजारी स्टूल, स्टुलावर ताट, आणि ताटात लिंबाएवढा फासा. एक. काच इतकी लख्ख की फाशावरची धूळही दिसत होती. पुसणारी मीच.

विचारलं, कधीपासून? विहीणबाई टेबलावरचे बिस्किटाचे कण गोळा करायला लागल्या. म्हणाल्या, तिनाचे सतरा झाले तेव्हापासून. आधी वाटलं, तुमच्या खेळात तसाच हिशेब असेल. मग नंतर नाही वाटलं. म्हणून तर आरसा आरसा करत होते हो मी.

म्हणजे सहा रविवार मी सतरा, अठरा, एकोणीस म्हणत होते आणि तिघी समोर बसून खरा आकडा वाचत होत्या. वाचून गप्प बसत होत्या. परत दिवाणखान्यात जात होत्या. माझी लाज राखत होत्या, आणि मला वाटत होतं घाबरल्या आहेत.

भिंगरीकडे बघवेना. तरी बघितलं. तिचे डोळे कोरडे होते. म्हणाली :

“मला वाटायचं, तुझं मन भरलं की सोडशील. म्हणून थांबले. पण आजी, तुझं मन भरतच नाही.”

मी पडदा काढला. केकच्या खोक्याचाच तर होता, घडी करून बाजूला ठेवला. म्हटलं, एक पडलाय. काउंटेसबाईचा हात दारावरून सुटला.

मग गोष्ट शेवटपर्यंत सांगायचीच होती, ती सांगितली. दार उघडतं. उजाडलेलं आहे. धुकं कधीच विरलेलं. बग्गीचं चाक नीट आहे, ते कधी मोडलंच नव्हतं, काउंटेसबाईने तसं सांगितलं होतं. हे पुस्तकात नाही. हे माझ्या तोंडून आपोआप गेलं. काउंटेसबाई उन्हात राख होते असं औषधवाल्याने सांगितलं होतं, पण माझ्याने तिला राख करवेना. ती उंबऱ्यापाशी उभी राहते, म्हटलं. तिला त्यापुढे येता येत नाही. पाहुण्या वळून बघतात की नाही, तुम्ही सांगा.

विहीणबाई म्हणाल्या, मी बघते बाई. सून म्हणाली, मी पण.

भिंगरी म्हणाली, मी बग्गीत बसते.

नंतर. त्या गेल्यावर.

भिंगरी कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, तिची जागा गेली. दुसऱ्या मुलीला दिली. कंपनीवाल्याला तिने त्याच दिवशी परत फोन केला होता, तेव्हा त्याने सांगितलं, तुमच्या आजी असं असं म्हणाल्या. आठवडाभर मागे लागून तिथेच दुसरं काम मिळवलंय. दिवे लावायचं नाही. केबल ओढायचं आणि गुंडाळायचं. पगार कमी. मंगळवारी हजर व्हायचंय, म्हणजे उद्या निघणार.

म्हणाली, “त्या फोनबद्दल मी काही विचारणार नाही. तू सांगशील तेव्हा ऐकीन.”

नळ चालू होता. मी म्हटलं, पाणी गरम घे, हात गारठतील.

हे म्हटलं मी. हेच म्हटलं.

आणि त्या काउंटेसबाईत विहीणबाई कुठेच नव्हत्या. त्या तर सगळ्यांच्या आधी चपला घालून निघतात. आज निघताना मला म्हणाल्या, मनाला लावून घेऊ नका, गोष्ट फार छान सांगता तुम्ही. एवढं लागेल असं कुणी मला अजून बोललेलं नाही.

सोमवार, १७ फेब्रुवारी.

गेली. दारापर्यंत पोचवलं. छातीत धडधडलं, पण पाणी मागितलं नाही. उभी राहिले. तिने वळून बघितलं की नाही ते सांगता येत नाही, मी आत वळले होते. रडताना माझं नाक लाल होतं, शोभत नाही.

संकल्प : रविवारी तिचा फोन येईल तेव्हा आधी माफी मागायची, मग बाकीचं.

शनिवार, २२ फेब्रुवारी.

वाक्य तयार केलं. ‘भिंगरे, त्या दिवशी मी खोटं बोलले, आणि तुझी जागा माझ्यामुळे गेली.’ भांडी घासताना म्हणून बघितलं. सुरेख जमतं. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कोरडं फडकं घेऊन आली आणि भांडी पुसायला लागली.

रविवार, २३ फेब्रुवारी.

दुपारी फोन आला. मी म्हटलं, मोजे घालतेस ना?

घालते म्हणाली. केबलचे वळसे आठाच्या आकड्यासारखे घालायचे असतात, नाहीतर पीळ पडतो, हे मला पंधरा मिनिटं समजावून सांगितलं. आवाज बरा होता. हातांना फोड आले आहेत. फोड म्हटल्यावर माझं वाक्य मागेच राहिलं. चष्मा काढून डोळे पुसत बसले.

मग ती म्हणाली, आजी, फासा आहे का जवळ? मी म्हटलं, आहे. कपाटातच ठेवलाय. म्हणाली, टाक. दहाच्या वर आला तर पुढच्या रविवारी घरी येते. दहा किंवा खाली आला तर मार्चअखेरीला.

सून लॅबमध्ये. विहीणबाई त्यांच्या घरी. पडदा नको, ताट नको. फोनमधून तिला काय दिसणार? मनात येईल तो आकडा सांगायला मोकळी. एकोणीस तर जिभेवरच होता.

टाकला. वाकून बघितला. चार.

म्हटलं, “चार.”

मग म्हणाली, खरंच? म्हटलं, खरंच. म्हणाली, बरं आजी, मग मार्चअखेरीला येते. आणि ‘बरं’ अशा आवाजात म्हणाली की मला वाटलं, आता वाक्य सांगायला हरकत नाही. तोंड उघडलं. तेवढ्यात तिला कुणीतरी हाक मारली, फोन बंद झाला.

पण बरं वाटलं. जन्मात पहिल्यांदा तोट्याचा आकडा खरा सांगितला. स्वतःवर खूष होऊन फासा उचलायला गेले, चष्मा घातला.

चाराच्या शेजारी एक होता. चौदा.

परत तिला फोन लावायला बटणावर बोट ठेवलं, आणि काढलं. काय सांगू? भिंगरे, नीट बघितलं तर चौदा होते? माझ्या तोंडून चौदा कोण ऐकून घेईल? काचेत बघितलं, काचेतही चौदाच. साक्षीला होती तेवढी तीच.

तर फोना, तू तरी लिही. चौदा पडले होते. देवाशपथ चौदा. लिहिलंस का? आता तू लिहिलंस की नाही, हे तरी मी कशी वाचू.